पॅनोरमा नेमका कुठे बिघडतो

डोंगरांची रांग किंवा लांबलचक इमारत एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून आपण शेजारी शेजारी सात-आठ फोटो काढतो आणि जोडायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. जोडलेलं चित्र, म्हणजे पॅनोरमा, लहान आकारात छान दिसतं. मोठं करून पाहिलं की कुठे खांब मध्येच तुटलेला असतो, कुठे आकाशात उभे पट्टे पडलेले असतात, क्षितिज नागमोडी झालेलं असतं आणि एखाद्या माणसाचं अर्धंच शरीर उरलेलं असतं. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, पण यातला बहुतेक बिघाड शटर दाबतानाच झालेला असतो. जोडणारा प्रोग्रॅम दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, सगळे फोटो अवकाशातल्या एकाच बिंदूवरून काढले आहेत. दोन, सगळ्या फोटोंत प्रकाश आणि रंग एकाच मापाने नोंदवले आहेत. पहिली अट मोडली की रेषा तुटतात, दुसरी मोडली की पट्टे पडतात.

प्रोग्रॅम काय करतो ते आधी पाहू, म्हणजे या अटी कुठून आल्या ते कळेल. तो प्रत्येक फोटोत ठळक ठिकाणं शोधतो: खिडकीचा कोपरा, खडकावरचा डाग, फांदीचं टोक. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘सिफ्ट’ ही पद्धत यासाठी प्रसिद्ध आहे. फोटो थोडा फिरला, लहान-मोठा झाला तरी तेच ठिकाण तिला ओळखता येतं. दोन फोटोंत सापडलेल्या अशा समान ठिकाणांच्या जोडीला कंट्रोल पॉइंट म्हणतात. काही जोड्या चुकीच्या असतातच, कारण इमारतीच्या सगळ्या खिडक्या सारख्याच दिसतात. त्या गाळायला १९८१ पासूनची ‘रॅन्सॅक’ पद्धत वापरतात: मोजक्या जोड्या उचलायच्या, त्यांवरून फोटोंचं नातं ठरवायचं, बाकीच्या किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते मोजायचं आणि असं पुन्हा पुन्हा करून सर्वाधिक दुजोरा मिळालेलं नातं ठेवायचं. मग प्रत्येक फोटो किती अंश वळलेला, कललेला होता आणि लेन्स रेषा किती वाकवत होती हे सगळं एकत्र सोडवलं जातं. शेवटी सांधा कुठून न्यायचा ते ठरतं आणि दोन्ही बाजू एकमेकांत मिसळल्या जातात. १९८३ मध्ये बर्ट आणि एडेलसन यांनी दाखवलेली युक्ती आजही वापरात आहे: आकाशाच्या छटेसारखे सावकाश बदलणारे भाग रुंद पट्ट्यात मिसळायचे आणि पानांसारखे बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. त्यामुळे छटेची रेघ दिसत नाही आणि तपशील दुहेरीही होत नाहीत.

यावरून दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन फोटोंत सामाईक असलेल्या भागात, नुसतं निरभ्र आकाश किंवा कोरी भिंत असेल, तर तिथे पकडण्याजोगं काही नसतं आणि तो फोटो जोडलाच जात नाही. आणि कॅमेरा फक्त फिरला असेल तरच हे गणित काटेकोर चालतं. तो सरकला असेल, तर जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं एकमेकांमागे असणंच बदलतं. याला पॅरलॅक्स म्हणतात. एका फोटोत खांबामागे झाड आहे आणि दुसऱ्यात खांबाशेजारी. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच चित्रात बसवता येत नाही.

हा सरकण्याचा घोळ किती मोठा असतो ते आकड्यांत पाहणं उपयोगी आहे. समजा फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, लेन्स ३५ मिमी, कॅमेरा उभा धरलेला. एका फ्रेममध्ये आडवं सुमारे ३८ अंश दिसतं. दर फोटोला २४ अंश फिरलो, तर ३७ टक्के ओव्हरलॅप मिळतो. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, पण ज्या बिंदूभोवती तो फिरायला हवा तो लेन्सच्या आत, समजा ८ सेंमी पुढे आहे. मग दर टप्प्याला तो बिंदू सुमारे ३३ मिमी सरकतो. २ मीटरवरचं रेलिंग दूरच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत जवळपास ९७ पिक्सेल हलतं. ५० मीटरवरची भिंत मात्र जेमतेम ४ पिक्सेल. हातात कॅमेरा धरून अंगाभोवती फिरलात, तर हे अंतर ८ सेंमीऐवजी साधारण २५ सेंमी होतं आणि तेच आकडे ३०० आणि १२ वर जातात. म्हणून सगळं दृश्य शंभर मीटरच्या पलीकडे असेल, तर ट्रायपॉडशिवाय खुशाल काढा. खोलीच्या आत, देवळाच्या मंडपात किंवा पुढ्यात रेलिंग असलेल्या गच्चीवर तसं चालणार नाही.

तो योग्य बिंदू म्हणजे लेन्सचा एंट्रन्स प्युपिल: समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर ॲपर्चरचं, म्हणजे प्रकाश आत सोडणारं, भोक जिथे असल्यासारखं दिसतं ती जागा. पॅनोरमा-हेडच्या सूचनापत्रकात तो ‘नोडल पॉइंट’ म्हणून लिहिलेला सापडेल. शोधायची रीत अशी. ट्रायपॉडवर मागे-पुढे सरकणारी पट्टी बसवा आणि आधी वरून पाहून लेन्सची मध्यरेषा फिरण्याच्या अक्षावर बरोबर आणा. अर्ध्या-पाऊण मीटरवर एक उभी काठी ठेवा आणि तिच्या थेट मागे, शक्य तितकी दूर, दुसरी उभी कड निवडा, उदाहरणार्थ इमारतीचा कोपरा. आता कॅमेरा असा फिरवा की दोन्ही फ्रेमच्या डाव्या कडेला येतील, मग उजव्या कडेला. त्यांच्यातलं अंतर बदलत असेल तर बिंदू चुकला आहे. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर जवळची काठी दूरच्या कडेच्या डावीकडे सरकत असेल तर कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे सरकत असेल तर पुढे. पडद्यावर दहापट झूम करून पाहिलं, तर मिलिमीटरपर्यंत अचूकता मिळते. झूम लेन्सचा हा बिंदू प्रत्येक फोकल लेंग्थला (२४, ३५ मिमी अशा झूमच्या आकड्याला) वेगळा असतो. म्हणून दोन-तीन ठरावीक फोकल लेंग्थ निवडून पट्टीवर खुणा करून ठेवाव्यात.

ट्रायपॉडबद्दल एक गोष्ट सतत चुकते. कॅमेरा समतल करून उपयोग नाही, फिरण्याचा अक्ष उभा हवा. बॉल-हेडवर (गोळ्यावर हवं तसं कलणाऱ्या हेडवर) कॅमेरा सरळ केला आणि खालचा भाग कललेला राहिला, तर फिरवताना क्षितिज एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली जातं. सॉफ्टवेअर ते सरळ करतं खरं, पण त्यासाठी वर-खालचा बराच भाग कापावा लागतो. त्यामुळे पाण्याचा बुडबुडा हेडच्या खालच्या बैठकीवर पाहा.

आता दुसरी अट. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, मॅन्युअल ठेवा. संपूर्ण पट्टा आधी फिरून पाहा आणि सर्वांत उजळ, पण तपशील हवाच अशा भागावर मोजमाप घ्या. त्या मापाने अंधाऱ्या बाजू काळपट येतील; रॉ फाइलमध्ये (सेन्सरची नोंद प्रक्रिया न करता ठेवणाऱ्या फाइलमध्ये) त्या दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळता येतात. जळालेला पांढरा भाग परत आणता येत नाही. सूर्यच चौकटीत असेल, तर प्रत्येक जागी तीन एक्स्पोजर घ्या (दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त), आणि ते सगळ्याच जागी घ्या, फक्त सूर्याच्या जागी नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंडपणा ठरवणारं सेटिंग) एकाच आकड्यावर बांधा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो बंद. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका, कारण फोकस बदलला की बहुतेक लेन्समधून दिसणारा कोनही किंचित बदलतो.

फोकस कुठे लावायचा हा प्रश्न इथे नेहमीपेक्षा अवघड आहे. ३५ मिमी लेन्स, एफ/८, धूसर ठिपका किती मोठा खपवायचा याचं नेहमीचं ०.०३ मिमीचं परिमाण घेतलं, तर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावल्यावर त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं धारदार दिसतं) सुमारे ५ मीटर येतं. ते परिमाण मात्र साध्या आकाराच्या छापील फोटोसाठी ठरवलेलं आहे. पॅनोरमा लोक झूम करून पाहतात, म्हणून १० ते १२ मीटरवर फोकस लावणं मला जास्त बरोबर वाटतं. अगदी जवळची जमीन थोडी मऊ राहिली तरी दूरचे डोंगर धारदार यायला हवेत. ॲपर्चर एफ/८ च्या आसपास (आकडा मोठा तितकं भोक बारीक). एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशाचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो आणि अशा सेन्सरचा एक पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा, म्हणजे सगळंच चित्र धूसर होतं. उलट ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, तर फ्रेमच्या कडा काळवंडतात. एकट्या फोटोत तो काळपटपणा खपून जातो. पॅनोरमात तो दर फ्रेमला परत येतो आणि आकाशात पट्टे दिसतात.

पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा. आकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतं, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या मध्येच एक गडद निळा डाग पडतो. तो कोणत्याही सांध्याने लपत नाही.

किती फोटो लागतील ते फोकल लेंग्थवर ठरतं. फुल-फ्रेमवर उभ्या कॅमेऱ्याने पूर्ण वर्तुळासाठी २४ मिमी लेन्सला १० (दर ३६ अंशांना एक) आणि ३५ मिमीला १५ पुरतात. ओव्हरलॅप तीस टक्क्यांच्या खाली नेऊ नका, वाइड लेन्सला चाळीसपर्यंत न्या. ढग, लाटा, माणसं हलत असतील तर भराभर काढा, आणि गर्दीच्या फ्रेम दोन-तीनदा घ्या. मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी लेन्ससमोर हात धरून एकेक फोटो काढावा. शेकडो फाइल्समध्ये कोणती मालिका कुठे संपली ते लगेच कळतं.

कॅमेऱ्याकडून काय हवं

पॅनोरमासाठी मेगापिक्सेल ही शेवटी पाहायची गोष्ट आहे. वर घेतलेल्या उदाहरणात पूर्ण वर्तुळ ३६,६०० पिक्सेल रुंद आणि ६,००० उंच होतं, म्हणजे जवळपास २२ कोटी पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा कॅमेराही गरजेपेक्षा जास्तच देईल. खरं महत्त्व आहे फ्रेमच्या कडांना, कारण एका फोटोची कड दुसऱ्या फोटोच्या आतल्या भागाला जोडली जाते. लेन्स कडेला मऊ असेल, तर दर सांध्यापाशी तीक्ष्णता खाली-वर होते. कडेला लाल-हिरव्या किनारी येत असतील, तर त्या रॉ उघडतानाच काढाव्यात, जोडल्यानंतर नाही. जोडलेल्या चित्रात मूळ फ्रेमचा मध्य कुठे होता हे प्रोग्रॅमला माहीत नसतं. हात हलल्याचा परिणाम कमी करणारं स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करा. ते लेन्सचा भाग किंवा सेन्सर सरकवतं, त्यामुळे दर फोटोत चित्राचा मध्य वेगळ्या जागी जातो आणि लेन्सचं एकच मोजमाप सगळ्यांना लागू पडत नाही.

दोन कॅमेरे किंवा लेन्स ताडून पाहायच्या असतील, तर तेच दृश्य, तोच ट्रायपॉड, सर्वांत कमी आयएसओ, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, आणि रॉ फाइल एकाच सेटिंगने उघडायची. मग दोन्ही चित्रं सारख्या आकारात आणून बघायची. ४००० पिक्सेल रुंदीचा आणि ८००० पिक्सेल रुंदीचा फोटो दोन्ही शंभर टक्के झूमवर पाहिले, तर दुसऱ्याला तुम्ही दुप्पट जवळून तपासत असता आणि तो विनाकारण कणीदार वाटतो. इतरांचं मत हवं असेल, तर मध्यातला आणि कोपऱ्यातला हजार बाय हजार पिक्सेलचा तुकडा न आक्रसता द्या आणि एक्सिफ माहिती (फाइलमध्येच असलेली शटर स्पीड, ॲपर्चर वगैरेंची नोंद) शाबूत ठेवा. शटर स्पीड ठाऊक नसताना ‘लेन्स मऊ आहे का’ याचं उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. तो हात हलल्याचा ब्लर असू शकतो.

फोनचा पॅनोरमा मोड वेगळ्या रीतीने चालतो. फोन फिरत असताना तो प्रत्येक फ्रेमच्या मधली अरुंद पट्टी उचलतो आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावत जातो. पट्टी अरुंद असल्याने पॅरलॅक्स थोडा थोडा वाटला जातो आणि तुटलेपणा कमी दिसतो. हलणाऱ्या वस्तू मात्र बिघडतात: फोनच्याच दिशेने जाणारी गाडी लांबट होते, उलट येणारी आखूड. फोन उभा धरा, हात लांब करून अंगाभोवती फिरण्याऐवजी फोन जागेवर ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरा. सुटे फोटो काढून नंतर जोडायचे असतील, तर प्रो मोड आणि रॉ वापरा. साध्या मोडमध्ये फोन प्रत्येक फोटोतला आकाशाचा भाग वेगळ्या मापाने गडद करतो, त्यामुळे एक्स्पोजर लॉक करूनही छटा जुळत नाहीत.

जोडताना

ह्युगिन हा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. पीटीगुई विकत मिळतो. लाइटरूम आणि फोटोशॉपमध्येही सोय आहे. साध्या मालिकेला यातलं काहीही पुरतं. सांधा हाताने दुरुस्त करायचा असेल, तर ह्युगिन किंवा पीटीगुई जास्त सोयीचं. आधी सगळ्या रॉ फाइल एकाच सेटिंगने उघडून १६-बिट टिफमध्ये काढा. ऑटो टोन नको. आणि फोटो क्रॉप करू नका. क्रॉप केलं की फाइलमध्ये लिहिलेली फोकल लेंग्थ आणि चित्रात खरोखर दिसणारा कोन जुळत नाहीत, चित्राचा मध्यही सरकतो, आणि प्रोग्रॅम चुकीच्या पायावर गणित मांडतो.

ह्युगिनमध्ये फोटो घेतल्यावर फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती लहान ते सांगणारा आकडा) बरोबर वाचले गेलेत ना ते पाहा. जुन्या मॅन्युअल लेन्सची माहिती फाइलमध्ये नसते, ती हाताने भरावी लागते. कंट्रोल पॉइंट शोधून झाले की त्यांची यादी चूक किती आहे त्यानुसार, सर्वांत मोठी चूक वर येईल अशी, लावा. सर्वांत वरचे पॉइंट एकेक उघडून बघा: ढगांवरचे, पाण्यावरचे, चालत्या माणसांवरचे काढून टाका. जिथे पॉइंट कमी आहेत तिथे चार-पाच स्वतः लावा, आणि ते एकाच कोपऱ्यात न दाटता ओव्हरलॅपभर वर-खाली पसरवा. आधी फक्त फोटोंच्या दिशा सोडवायला सांगा, नंतर लेन्सची वक्रता. सगळं एकदम सोडवायला लावलं आणि पॉइंट कमी असले, तर गणित स्वतःच्या सोयीने लेन्स विचित्र वाकवतं आणि चूक मात्र कमी झालेली दाखवतं. सरासरी चूक दोन-तीन पिक्सेलच्या आत आली की पुरे. क्षितिज आणि इमारती ताठ करायला भिंतींच्या उभ्या कडांवर ‘उभी रेषा’ प्रकारचे पॉइंट लावा, चित्राच्या दोन्ही टोकांना आणि मध्यात.

पॅरलॅक्स शिरलेलाच असेल, तर सगळीकडे थोडं थोडं जुळवण्याचा मोह टाळा. जिथे तुटलेपणा डोळ्यात भरतो, उदाहरणार्थ फरशीच्या रेषा, तिथलेच पॉइंट ठेवा आणि सांधा झाडी किंवा खडकांतून जाईल असा मास्क (फोटोतला कुठला भाग राखायचा, कुठला झाकायचा ते सांगणारा थर) रंगवा. पानांतली दहा पिक्सेलची चूक कोणाला दिसत नाही, फरशीतली दोनाची दिसते. अर्धी माणसंही मास्कनेच सुटतात: ज्या फोटोत माणूस पूर्ण आहे तो भाग राखायचा, दुसऱ्यातला झाकायचा.

प्रक्षेपण, म्हणजे गोल दृश्य सपाट चित्रावर पसरवायची रीत, निवडताना दृश्य किती अंश रुंद आहे ते पाहा. सरळ रेषा सरळ ठेवणारं रेक्टिलिनियर साधारण १०० ते १२० अंशांपर्यंतच ठीक. पुढे कडा भयंकर ताणल्या जातात. त्याहून रुंद दृश्याला सिलिंड्रिकल, ज्यात उभ्या रेषा ताठ राहतात आणि क्षितिजावर नसलेल्या आडव्या रेषा वाकतात. रस्ते आणि इमारतींचे आतले भाग रुंद दाखवायचे असतील, तर पानिनी करून पाहाच. मध्याकडे धावणाऱ्या रेषा त्यात सरळ राहतात. पूर्ण गोलासाठी इक्विरेक्टँग्युलर, रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट.

दुसऱ्यांना पाठवताना

वरच्या उदाहरणातलं पूर्ण आकाराचं चित्र १६-बिटमध्ये जवळपास १.३ जीबी जागा घेतं, तेही एकाच थराचं. फोटोशॉपचं साधं पीएसडी ३०,००० पिक्सेल रुंदीवर थांबतं, पुढे पीएसबी लागतं. जेपेगची मर्यादा ६५,५३५ पिक्सेल, वेबपीची फक्त १६,३८३. अनेक फोन एका वेळी ४०९६ किंवा ८१९२ पिक्सेलपर्यंतचंच चित्र ग्राफिक चिपवर पेलतात. म्हणून फिरवून पाहायच्या ३६० अंशी चित्राची ८१९२ बाय ४०९६ ची प्रत काढा. त्याहून मोठं दाखवायचं असेल, तर पॅनेलमसारखा मुक्त स्रोत व्ह्यूअर चित्राचे तुकडे करून पाहणारा जिथे झूम करेल तेवढेच पाठवतो.

प्रत काढताना आधी आकार कमी करा, मग शार्पन, मग रंग एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडदे गृहीत धरतात त्या रंगमापात) बदला, शेवटी ८५ ते ९० दर्जाचं जेपेग. ॲडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगमापातलं चित्र प्रोफाइलशिवाय (रंगमाप कोणतं त्या नोंदीशिवाय) गेलं तर समोरच्याला फिकट दिसतं. निरभ्र आकाशात पायऱ्या पडत असतील, तर ८-बिट करण्याआधी अगदी किंचित नॉइज (बारीक कण) मिसळा, पायऱ्या विरतात. मेसेजिंग ॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र आक्रसतं आणि एक्सिफ जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते. पण मग जीपीएसची नोंदही सोबत पोचते, त्यामुळे घराच्या आतला किंवा गच्चीवरचा फोटो असेल तर स्थानाची नोंद पुसून बाकीचं एक्सिफ ठेवा. ३६० अंशी चित्राच्या फाइलमध्ये प्रक्षेपणाचा प्रकार आणि पूर्ण गोलाची रुंदी सांगणारी एक्सएमपी नोंद असते. काही प्रोग्रॅम आकार कमी करताना ती टाकून देतात आणि गोल चित्र सपाट ताणलेलं उघडतं. तसं झालं तर एक्सिफटूल या प्रोग्रॅमने मूळ फाइलमधली नोंद प्रतीत उतरवता येते. अशा वेळी रुंदी-उंचीचे आकडे नव्या आकाराप्रमाणे बदलायला विसरू नका.